आधी साधी लागर आणा

कोकमाची बिअर, आंब्याची बिअर, फिल्टर कॉफीची बिअर. पुण्या-मुंबईतल्या नव्या ब्रूपबचा फळा वरपासून खालपर्यंत वाचावा, तरी साधी लागर काही सापडत नाही. विचारलं की उत्तर तयार असतं : "सर, ती कोणी मागतच नाही." खोटं. ती आम्हाला परवडत नाही, असं सरळ सांगा की!

बिअरची मोठी घराणी दोन, एल आणि लागर. फरक रंगाचा नाही. यीस्टचा आणि तापमानाचा आहे. एलचं यीस्ट १८ ते २२ अंशांना जोमात काम करतं, दोन-तीन आठवड्यांत माल ग्लासात येतो. लागरचं यीस्ट १० अंशांच्या आसपास संथपणे आंबवतं आणि त्यानंतर ती बिअर शून्याजवळच्या गारठ्यात आठवडेच्या आठवडे मुरू द्यावी लागते. तेवढा काळ टाकी अडकलेली आणि विजेचं मीटर पळतंय. त्याच टाकीत तेवढ्या वेळात हेफेवायझनचे दोन घाणे सहज निघतात. ही बव्हेरियाची गव्हाची बिअर. मुळातच गढूळ, म्हणजे गाळायची कटकट नाही. केळ्या-लवंगेचा वास यीस्ट फुकटात देतं, कडूपणा नावापुरता. जमली तर झकास लागते, माझं तिच्याशी भांडण नाही. पण फळ्यावर ती कायम पहिली का, याचं उत्तर गिऱ्हाइकाच्या आवडीत शोधू नका, मालकाच्या हिशेबाच्या वहीत बघा.

दुसरं कारण जास्त लाजिरवाणं आहे. लागरमध्ये लपायला जागा नसते. यीस्टला काम पुरं करू दिलं नाही तर लोण्याचा, पॉपकॉर्नचा वास राहतो. उकळ नीट झाली नाही तर उकडलेल्या मक्याचा. हवा लागली तर ओल्या पुठ्ठ्याची चव आणि नळ्या धुतल्या नसतील तर आंबूसपणा. आंब्याच्या गराखाली किंवा आयपीए नावाच्या एलमधल्या कडू, सुवासिक हॉप्सच्या भडिमाराखाली यातलं बरंच काही गाडता येतं. खानावळ जोखायची ती पनीर मखनीवरून नव्हे, साध्या वरणावरून.

दोष एकट्या मालकांचा नाही. आपण गिऱ्हाईक म्हणून महाभाग आहोत. आपल्याकडे बिअरची प्रत टक्क्यांत मोजतात. आठ टक्केवाली ती भारी, पाच टक्केवाली बायकी, असली अक्कल छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक पर्मिट रूममध्ये बसलेले असतात. तिथलाच एक विधी पाहा. बाटली उघडायची, तोंड अंगठ्याने दाबायचं, पाण्याच्या ग्लासात उलटी बुडवायची आणि बाटलीतून खाली जाताना दिसणाऱ्या पिवळ्या धारेकडे बोट दाखवून म्हणायचं, "बघ, ग्लिसरीन चाललं." अरे बाबा, बिअर पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून ती खाली उतरते आणि पाणी वर चढतं. चाललीय ती तुझीच बिअर, तीही तू पैसे देऊन घेतलेली!

पगार वाढला की हीच मंडळी ब्रूपबमध्ये येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "यातली सगळ्यात स्ट्राँग कुठली?" मग लाकडी पाटावर छोटे छोटे ग्लास मांडले जातात आणि फोटो सुरू होतात. ते संपेपर्यंत फेस बसलेला, बिअर कोमट. त्याच्या उलट टोकाला बर्फ चढलेला मग. आयपीएचे सगळे पैसे तिच्या सुगंधाचे. ती असल्या मगात ओतली की नाकाला काही लागत नाही, जीभही बधिर. हॉप्स इतक्या लांबून मागवायचे कशाला मग?

आणि हे त्या पुण्यात, जिथे २००९ मध्ये डूलाली ही ब्रूपब सुरू झाली. जाणकार ब्रूअर इथे आहेत, त्यांच्या हाताला चव आहे. तेव्हा 'आपल्याकडे अजून नवीन आहे हो' ही सबब आता पुरे.

बोहेमियातल्या प्लझेन गावच्या लोकांनी काय केलं होतं? १८३८ मध्ये गावच्या बिअरला इतके वैतागले की पिंपंच्या पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. मग स्वतःची ब्रूअरी उभी केली, बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा माणूस आणला आणि त्याने १८४२ मध्ये तिथलं मऊ पाणी, फिकट माल्ट आणि झाट्स हॉप्स घेऊन पहिली पिल्सनर काढली. आज जगभर जी सोनेरी बिअर खपते, त्यातली बहुतेक तिचीच नक्कल. चिडलेल्या गिऱ्हाइकांच्या पोटी जन्मलेली बिअर आहे ती. आम्ही मात्र आंबूस ग्लाससुद्धा संपवतो आणि वर पाच तारे देतो.

मी आता बसल्याबसल्या तीनच गोष्टी विचारतो : सगळ्यात साधी कुठली, हा केग कधी लावला आणि आधी घोटभर चाखायला मिळेल का. पाश्चराइझ न केलेल्या बिअरबाबत हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे. परवा एका ठिकाणी आलेल्या घोटाला सरळ व्हिनेगरचा वास होता. परत पाठवला. मॅनेजर लगबगीने आला, हसला आणि समजूत घातल्यासारखं म्हणाला, "सर, क्राफ्ट बिअर अशीच असते."

"मग तुमच्या ब्रूअरला बोलवा," मी म्हटलं, "आणि माझ्यासमोर हा ग्लास त्यांना संपवू दे."

ब्रूअर आला नाही. नळ मात्र लगेच बंद झाला.