मोजणी कोणाची आणि कोणी करावयाची?

दसरा-दिवाळी उलटली की चौसाळा परिसरातील वाड्या-तांडे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल अंगावर घेऊन नवरा-बायको फडाची वाट धरतात. दोघे मिळून हिशेबात एकच 'कोयता'. एका दिवसाच्या 'खाड्या'चाही दंड. बाईची पाळी, ताप, बाळंतपण यांना या हिशेबात जागा नाही.

या व्यवस्थेची किंमत २०१९ साली आकड्यांत दिसली. नीलम गोऱ्हे समितीच्या अहवालानुसार बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे तीन होते. ही तफावत निसर्गाने केलेली नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांत दलित, बंजारा, वंजारी व भटक्या-विमुक्त कुटुंबांचा भरणा मोठा आहे. जात आणि श्रम यांची गाठ येथे थेट स्त्रीच्या शरीरावर बसते.

परंतु वरून आलेली पाहणी 'किती' एवढे सांगते. 'का' याचे उत्तर ज्यांनी भोगले त्यांच्यापाशीच असते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या आठ टक्के. गावात जाऊन विचारल्याखेरीज हे दुःख कळलेच नसते.

म्हणून कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे. प्रत्येक तांड्यातील व वस्तीतील स्त्रियांनीच आपल्यातील दोघी-तिघी निवडाव्यात आणि प्रश्नही त्यांनीच ठरवावेत: फडावर पाणी व आडोसा होता का? दुखणे केव्हा सुरू झाले? शस्त्रक्रियेचा सल्ला कोणी दिला, पैसा कोणाकडून आला, उचल किती वाढली? आपण फक्त लेखनिक व्हावे. नावे गुप्त राहावीत, नोंदवह्या वस्तीच्याच ताब्यात राहाव्यात आणि निष्कर्ष प्रथम त्यांच्याच बैठकीत वाचले जावेत.

पुढे त्याच कागदाच्या बळावर साखर कारखान्याकडे आजारपणाची भरपगारी रजा आणि फडावर दवाखाना मागता येईल. जो मोजतो तोच मागणी ठरवतो. आजवर मोजले ते मालकांनी आणि सरकारने. आता कोयता धरणाऱ्या हातात लेखणी आली पाहिजे.