लिनक्स टाकून दिलंत, पुढचं कोण शिकवणार?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ जुन्या मशीनवर चढत नाही. म्हणून आपल्यासारखे बरेच जण पेनड्राइव्ह घेऊन निघाले आणि नातेवाइकांच्या, मित्रांच्या लॅपटॉपवर फुकटात लिनक्स टाकून देऊ लागले. चांगलंच काम आहे. मीही त्यातलाच. पण आज मला भांडायचंय ते आपल्याच लोकांशी.

माझ्या मावसभावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स मिंट टाकलं आणि निघताना ऐटीत म्हणालो, "आता बिनधास्त राहा, याला व्हायरस लागत नाही."

तीन आठवड्यांनी प्रिंटर अडला. त्याने कुठलातरी व्हिडिओ बघितला, खाली दिलेली एक ओळ कॉपी केली, टर्मिनलमध्ये चिकटवली आणि पासवर्ड टाकला. त्या ओळीचा अर्थ काय होता? इंटरनेटवरची अमुक फाइल आण, न वाचता चालव आणि मालकाच्या अधिकाराने चालव. प्रिंटर सुरू झाला नाहीच, वर काही काम नसताना पंखा दिवसभर घोंघावत राहिला. मी पोचलो तोवर ती फाइल नेटवरून गायब होती. सगळं पुसून पुन्हा टाकलं. पण त्या मशीनवर अर्ध्या गावाची आधार कार्डं, सातबारे, मार्कशीटं स्कॅन करून ठेवलेली होती. त्यातलं काय बाहेर गेलं, हे मला आजही सांगता येत नाही.

भाऊ एवढंच म्हणाला, "तूच म्हणालास ना, लागत नाही म्हणून?"

हाच भाऊ विंडोज होतं तेव्हा कुठलीही फाइल उघडण्याआधी मला फोन करायचा. मी त्याची भीती काढून घेतली आणि बदल्यात काहीच दिलं नाही.

"कोड सगळ्यांना दिसतो, हजारो डोळे बघतात," हे आपलं पेटंट वाक्य. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या घटकात चोरदार सापडलं. ते ठेवणाऱ्याने आधी दोनेक वर्षं मदत करून विश्वास कमावला होता. सापडलं कशामुळे? अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला लॉगिन अर्ध्या सेकंदाने उशिरा होतंय असं जाणवलं आणि तो खोदत गेला, म्हणून. खुद्द मिंटच्या साइटवर २०१६ च्या फेब्रुवारीत घुसखोरी झाली आणि डाउनलोडचा दुवा बदलून भेसळ केलेली आयएसओ लोकांच्या हाती पडली. जुलै २०२५ मध्ये आर्च लिनक्सच्या एयूआरमध्ये ब्राउझरच्या नावाखाली मालवेअर आणणारी पॅकेजं निघाली.

म्हणजे लिनक्स वाईट का? अजिबात नाही. त्याची खरी ताकद म्हणजे डिस्ट्रोचं स्वतःचं भांडार. तिथलं पॅकेज डिजिटल सही तपासूनच बसतं. भांडार सोडून बाहेरून काही आणलं की ती हमी संपली. आणि गंमत बघा, ज्या ड्रायव्हरसाठी हे सगळं रामायण घडलं, तो मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येच होता! मी दाखवला नव्हता.

म्हणून जे टाकून देतात, त्यांच्याकडे तीन मागण्या:

१. आयएसओ अधिकृत साइटवरूनच घ्या आणि चेकसमबरोबर सहीही तपासा. घुसखोर त्याच पानावरचा चेकसमही बदलू शकतो.

२. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडून दाखवा, एखादं सॉफ्टवेअर समोरच्याला स्वतःच्या हाताने टाकायला लावा. मिंट २२ पासून पडताळणी न झालेली फ्लॅटपॅक मुद्दाम लपवलेली असतात. जाता जाता ती सेटिंग उघडून देऊ नका.

३. "पासवर्ड मागितला की थांब. ओळ कळत नसेल तर चिकटवू नकोस, मला फोन कर." हे तोंडाने सांगा, कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा.

लिनक्स टाकायला अर्धा तास लागतो. त्यानंतरचा अर्धा तास बसायची तयारी नसेल, तर पेनड्राइव्ह घरीच ठेवा. उपकार नकोत.

भाऊ आता पासवर्डची खिडकी आली की फोन करतो. कधी कधी रात्री अकरालाही. मी उचलतो.