आपलं तुणतुणं आपणच वाजवू



हुकमाची हलगी आपण फेकली, ते बेस केलं. गावात कुणी मेलं, वाजवा. पाटलाघरी लगीन, वाजवा. मजुरी काय, तर शिळी भाकर! 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेल्या ढोराचं मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितलं. मग गावोगाव आपल्या बापजाद्यांनी ढोरं ओढणं सोडलं, हुकमाचं वाजवणंही सोडलं. (हलगीवर पोट भरणाऱ्या मातंग भावाला मी नावं ठेवत नाही. दर तो ठरवतो, तिथं हलगी गुलाम नाही.)

पण हुकमाबरोबर तालही फेकायचा का? भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादांची गाणी कुठल्या संगीत विद्यालयातून निघाली? आणि आज? माझ्या धावड्यात, भोकरदन तालुक्यात, जयंती आली की पोरं वर्गणी काढतात आणि डीजे आणतात. आवाज भाड्याचा, रात्र संपली की ट्रकात बसून निघून जातो. शहरात तुम्ही तरी वेगळं काय करता?

त्रिनिदादच्या काळ्या भावांच्या ढोलांवर गोऱ्या सरकारनं 1880 च्या दशकात बंदी आणली. त्यांनी बांबू आपटले, बिस्किटांचे डबे बडवले, 1940 च्या दशकात तेलाची पिंपं ठोकून सूर काढले. 1992 साली तेच पिंप त्या देशाचं राष्ट्रीय वाद्य झालं.

आपल्याकडं डबे काय कमी आहेत? दूध पावडरीचा पत्र्याचा गोल डबा घ्या. तोंड उघडं, बूड शाबूत. तोंडाची कड दगडावर घासा, नाहीतर बोट कापेल. बुडाच्या मधोमध खिळ्यानं भोक पाडा. सायकलच्या ब्रेक केबलमधली एक बारीक तार सोडवा, टोकाला वायसर बांधा, बाहेरून ओवून तोंडातून वर काढा. डब्याच्या अंगाला हातभर बांबू आवळा, शेंड्याला भोक पाडून लाकडाची खुंटी बसवा, तार तिला गुंडाळा. खुंटी पिळली की सूर चढतो. झालं तुणतुणं. कातडं नाही, दुकान नाही, कुणाची परवानगी नाही.

ज्याला एकच हात, त्यानं डबा गुडघ्यांत धरावा. तार छेडायला एक बोट पुरतं. आंधळ्या भावाला तर काहीच अडचण नाही. लहान पोरांना झाकणाच्या डबीत मूठभर ज्वारी द्या, खुळखुळा तयार. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा उलटा टाका, दोन्ही हातांनी बडवा. शेजारी ओरडतील. ओरडू द्या, डीजेला कुठं ओरडले होते!