आकडा बघून ड्रिल घेऊ नका

परवा पेणला कॉर्डलेस ड्रिल बघायला गेलो. दुकानदार म्हणतो, "काका, 18 नको, 21 व्होल्ट घ्या, ताकद जास्त." साफ खोटं! दोन्हींत लिथियमचे एकापाठी एक जोडलेले पाचच सेल. चालताना सेल सरासरी 3.6 व्होल्टचा, म्हणून 18. फुल चार्जला 4.2, म्हणून 21. माल तोच, आकडा वेगळा.

आपलं रोजचं काम काय? ठिबकच्या सबमेनला ग्रोमेटची भोकं, मांडवाच्या बांबूला भोकं, गोठ्याच्या फळीला स्क्रू. त्याला तीन सेलचं, 12 व्होल्टचं, किलोभर वजनाचं मशीन पुरतं. रोह्याला मेव्हण्याने जड मशीन घेतलं. मांडवाखाली हात वर करून दहा भोकं पाडली की खांदा भरून येतो. आता ते माळ्यावर पडलंय.

सिमेंटच्या खांबाला भोक पाडायचंय? हॅमर ड्रिल एक दिवस भाड्याने आणा. वर्षातून दोनदाच्या कामासाठी रोज ओझं कशाला?

घेण्याआधी मशीन हातात धरून, हात वर करून दोन मिनिटं उभे राहा. सुटी बॅटरी मिळते का तेही विचारा. खांदा आपला आहे, दुकानदाराचा नाही.

आणि खारेपाटवाल्यांनो, चकला तेलाचं बोट लावायला विसरू नका.