माया लोकांना कोणी विचारले आहे काय?

मिशनऱ्यांविषयी मराठीत जे लिहिले जाते त्याचे ढोबळ मानाने दोनच प्रकार आम्हांला आढळतात. पहिल्या प्रकारात मिशनरी हा देवदूत असतो. तो रानावनात जातो, रोग्यांची शुश्रूषा करतो, बोलीला लिपी देतो आणि अज्ञ जनांना प्रकाश दाखवितो. दुसऱ्या प्रकारात तोच मिशनरी साम्राज्याचा हेर असतो; त्याच्या एका हातात औषधाची बाटली आणि दुसऱ्या हातात बेडी असते, आणि आवळा देऊन कोहळा काढणे हा त्याचा धंदा असतो. या दोन पक्षांचे वाग्युद्ध आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि ते संपावे अशी इच्छा दोघांपैकी एकाचीही दिसत नाही.

आमचे म्हणणे असे की, हे दोन्ही पक्ष एकाच चुकीचे भागीदार आहेत. दोघांच्याही वाक्यात कर्ता एकटा मिशनरी. ज्यांच्यात तो गेला ते लोक म्हणजे केवळ कर्म. एकाच्या मते त्याने त्यांना घडविले, दुसऱ्याच्या मते बिघडविले. त्या लोकांनी स्वतः काही पारखले, स्वीकारले, नाकारले, उलटविले, ही गोष्ट दोघांच्या स्वप्नातही येत नाही. स्तुती करणाऱ्यांचा हा अहंकार असेल तर निंदा करणाऱ्यांचाही तो अहंकारच होय. फक्त त्यावर कळवळ्याची शाल पांघरलेली असते.

हा आक्षेप सिद्ध करण्यासाठी आम्ही मुद्दाम दूरचे उदाहरण घेतो, कारण घरच्या उदाहरणात रागलोभ लगेच आड येतात. ग्वातेमाला हा देश आणि त्याला लागून असलेले मेक्सिकोचे चियापास व युकातान हे प्रदेश म्हणजे माया लोकांची भूमी. ‘माया’ म्हटले की मराठी वाचकाचे मन वेदान्ताकडे धावते. हे माया मात्र मक्याच्या शेतात राबणारे, हाडामांसाचे लोक आहेत. त्यांच्या सुमारे तीस भाषा आज जिवंत आहेत आणि त्यांपैकी बावीस भाषांना एकट्या ग्वातेमालात मान्यता आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश तलवारीबरोबर कॅथलिक धर्म येथे आला. १८७३ साली ग्वातेमालात उपासनेचे स्वातंत्र्य जाहीर झाले, १८८२ साली पहिला प्रेस्बिटेरियन मिशनरी आला आणि त्यामागून इव्हँजेलिकल पंथांची रीघ लागली. बायबल हाच अखेरचा आधार, प्रत्येकाचा स्वतंत्र हृदयपालट आणि दारू-मूर्तींचा त्याग, ही या पंथांची ठळक खूण.

प्रथम जुन्या पाद्र्यांकडे पाहू, कारण पुढचा सारा प्रश्न त्यांच्यापासून सुरू होतो. १५६२ साली युकातानातील मानी गावी दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पाद्र्याने मायांचे हस्तलिखित ग्रंथ ‘सैतानाचे’ म्हणून जाळून टाकले. आज असे अवघे चार ग्रंथ जगात शिल्लक आहेत. याच लांदाने पुढे मायांच्या चालीरीतींवर पुस्तक लिहिले आणि त्यात माया ‘मुळाक्षरे’ म्हणून काही चिन्हे टिपून ठेवली. त्याने स्पॅनिश अक्षराचे नाव उच्चारावे आणि माया जाणकाराने त्या उच्चाराचे चिन्ह काढावे, असा तो प्रकार. लांदाला वाटले, आपण वर्णमाला लिहून घेत आहोत. जाणकार लिहीत होता अक्षरचिन्हे, म्हणजे स्वरासह व्यंजने. याच पानाच्या आधारे १९५२ साली युरी क्नोरोझोव या रशियन संशोधकाने माया लिपीच्या वाचनाचा मार्ग खुला केला. आता श्रेय कोणाचे? प्रशंसक म्हणतील लांदाचे. आम्ही म्हणतो, गास्पार आंतोनिओ ची यांच्यासारख्या ज्या माया जाणकारांनी त्याला माहिती पुरविली त्यांचे. जाळणाऱ्यासमोर बसून त्यांनी आपली अक्षरे काढून दिली.

‘पोपोल वूह’ या किचे लोकांच्या आद्य ग्रंथाचीही हीच कथा. तो आज उपलब्ध आहे तो फ्रान्सिस्को शिमेनेस या डोमिनिकन पाद्र्याने अठराव्या शतकाच्या आरंभी चिचिकास्तेनांगो येथे करून ठेवलेल्या नकलेमुळे. पाद्र्याचे हे उपकार आम्ही मानतो. पण जी पोथी त्याने उतरवून घेतली ती सोळाव्या शतकात किचे लेखकांनी परकी रोमन लिपी शिकून, तिच्यात आपली भाषा बसवून लिहिली होती. विजेत्याने प्रार्थना लिहिण्यासाठी दिलेले हत्यार त्यांनी स्वतःच्या देवांच्या कथा लिहिण्यासाठी वापरले. हे लोक म्हणे केवळ कर्म!

आता इव्हँजेलिकल मिशनरी. विल्यम कॅमेरॉन टाउनसेंड हा कॅलिफोर्नियातील तरुण १९१७ साली स्पॅनिश बायबले विकण्यासाठी ग्वातेमालात उतरला. ज्यांना ती विकावयाची त्यांतील पुष्कळांना स्पॅनिश येत नव्हते. तुमचा देव एवढा शहाणा असेल तर त्याला आमची भाषा कशी येत नाही, असे एका कक्चिकेल माणसाने त्याला विचारले, अशी कथा मिशनच्या वर्तुळात नेहमी सांगतात. कथेतला प्रश्न जगभर गाजला. प्रश्नकर्त्याचे नाव मात्र कथेत नसते. टाउनसेंडबरोबर पायी गावोगाव हिंडणाऱ्या फ्रान्सिस्को दीआस या कक्चिकेल सोबत्याचे नावही मिशनबाहेर क्वचितच कोणी घेतो.

टाउनसेंडचे काम लहान होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कक्चिकेल क्रियापद हे मोठे अवघड प्रकरण आहे. एकाच धातूला पुढून मागून प्रत्यय लागून काळ, कर्ता आणि कर्म एका शब्दात गोळा होतात. लॅटिन व्याकरणाच्या साच्यात ते बसेना, तेव्हा भाषा जशी आहे तशी पाहावयास तो शिकला. १९३१ साली कक्चिकेल ‘नवा करार’ छापला गेला. १९३४ साली त्याने आर्कान्सा राज्यात भाषा शिकविणारे उन्हाळी शिबिर सुरू केले आणि त्यातून समर इन्स्टिट्यूट ऑफ लिंग्विस्टिक्स ही संस्था वाढली. या कामासाठी माणसांनी आयुष्ये वेचली. मारियाना स्लोकम या तरुणीचा वाग्दत्त वर १९४१ साली लग्नाला काही दिवस उरले असता वारला. त्याने चियापासमधील त्सेल्ताल लोकांत आरंभिलेले काम तिने उचलले आणि १९५६ साली त्सेल्ताल ‘नवा करार’ पुरा करून दाखविला. असल्या जीवनाला हेरगिरी म्हणून मोकळे होणे ही उचलली जीभ लावली टाळ्याला अशातली गत झाली.

पण उपकार आणि मालकी यांत अंतर आहे, आणि ते अंतर मिशनऱ्यांना वेळीच कळले नाही. त्यांनी बसविलेल्या लेखनपद्धती स्पॅनिशच्या वळणाच्या होत्या. हेतू उघड सांगितला जाई: माया वाचक पुढे सहज स्पॅनिशकडे वळावा. म्हणजे माया भाषा हा मुक्काम नव्हे, ती धर्मशाळा. रात्र काढावी आणि पुढच्या गावी जावे. १९८० नंतरच्या काळात माया भाषातज्ज्ञ स्वतः पुढे आले आणि म्हणाले, आमच्या भाषांची अक्षरे आम्ही ठरवू. १९८६ साली माया भाषा अकादमीचा पाया घातला गेला, १९८७ साली माया भाषांची एकसूत्री वर्णमाला सरकारने मान्य केली आणि १९९० साली अकादमीला कायद्याने स्वायत्तता मिळाली. समर इन्स्टिट्यूटने या नव्या वर्णमालेला विरोध केला. जुन्या पद्धतीत छापलेली पुस्तके वाया जातील ही त्यांची अडचण खरी असेल. परंतु अर्धशतक एखाद्या लोकांची भाषा शिकून, त्या लोकांना स्वतःचे अक्षर निवडण्याचा अधिकार आहे एवढे ज्याला शिकता आले नाही, त्याचे ते शिक्षण अपुरेच म्हटले पाहिजे. याच मिशनऱ्यांत दुसरेही उदाहरण होते. डोरा बर्जेस या प्रेस्बिटेरियन मिशनरी बाईंनी पात्रिसिओ शेक या किचे गृहस्थांसह १९५५ साली ‘पोपोल वूह’ची आवृत्ती काढली आणि दोघांची नावे त्या पुस्तकावर छापली गेली. मागे उरण्याजोगे काम असे असते.

आता निंदकांची पाळी. ‘गरिबांना पैसे आणि औषधे देऊन बाटविले’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. चियापासमधील सान हुआन चामुला या त्सोत्सिल गावाची हकिगत त्यांनी एकदा वाचावी. तेथे गावचे पुढारी राज्यकर्त्या पक्षाशी संधान बांधून होते. सण-उत्सवांत लागणारी दारू आणि मेणबत्त्या यांचा व्यापार त्यांच्या मुठीत होता. उत्सवाचा मान ज्याच्याकडे येई तो कर्जात बुडे, आणि दारूचा पैसा पुन्हा पुढाऱ्यांच्याच पेटीत जाई. ज्यांनी इव्हँजेलिकल पंथ स्वीकारला त्यांनी दारू सोडली, उत्सवाची वर्गणी नाकारली. म्हणजे देवाच्या नावाने चाललेली सावकारी नाकारली. त्याची किंमत काय मिळाली? १९७४ पासून त्यांना गावातून हाकलून देण्यास सुरुवात झाली. हजारो लोक घरदार आणि शेत सोडून सान क्रिस्तोबाल शहराच्या कडेला झोपड्या घालून राहिले. त्यांचा पुढारी मिगेल काशलान याचा १९८१ साली खून झाला. पैशांसाठी बाटलेली माणसे पंथापायी शेत गमावतात काय? पुढे १९९० नंतर या हद्दपार त्सोत्सिलांपैकी काहींनी इस्लामही स्वीकारला. ती निवड कोणाला रुचो वा न रुचो, निवड करणारा माणूस तेथे उभा आहे एवढे तरी मान्य करा.

यावर हर्ष मानून प्रशंसकांनी टाळ्या पिटण्याचे कारण नाही. त्यांना उत्तर द्यावयाचे आहे ते १९८२ सालाचे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये एफ्राइन रिओस मोंत या सेनानीने ग्वातेमालाची सत्ता बळकावली. कॅलिफोर्नियातील एका पंथाने ग्वातेमालात स्थापिलेल्या चर्चचा तो निष्ठावान सभासद होता. दर रविवारी दूरचित्रवाणीवरून तो राष्ट्राला सदाचाराची प्रवचने देई, आणि त्याच वेळी त्याचे सैन्य डोंगरातील इशिल माया खेडी जाळीत होते. पॅट रॉबर्टसन यांच्यासारख्या अमेरिकन प्रवचनकारांनी त्याची भलावण केली. छत्तीस वर्षांच्या त्या यादवीत दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा नाहीशी झाली, आणि ज्यांची ओळख पटली अशा बळींपैकी शेकडा ८३ माया होते, असे १९९९ साली सत्यशोधन आयोगाने नमूद केले. ज्या पंथाने मायांच्या क्रियापदांची हजारो रूपे मोजली, त्यातील किती उपदेशकांनी मायांची प्रेते मोजण्याचे धैर्य दाखविले? जे थोडे बोलले त्यांना आम्ही वंदन करतो. पण पंथाचा मोठा आवाज त्या काळी सत्तेच्या बाजूने होता, आणि ही गोष्ट कितीही दवाखाने पुढे केले तरी झाकत नाही.

आणि येथेही अखेरचा शब्द मायांचाच आहे. २०१३ साली रिओस मोंतवर वंशसंहाराचा खटला चालला तेव्हा इशिल स्त्री-पुरुषांनी न्यायालयात येऊन आपल्या भाषेत साक्षी दिल्या. दुभाषी त्या स्पॅनिशमध्ये सांगत होते. १,७७१ इशिलांच्या हत्येबद्दल त्याला दोषी ठरविण्यात आले. दहाच दिवसांत वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि २०१८ साली तो शिक्षा न भोगताच मेला. पण दिलेली साक्ष रद्द होत नसते. मान्वेल साकिक या कक्चिकेल प्रेस्बिटेरियन पाळकांचे नावही येथे घेतले पाहिजे. मानवी हक्कांसाठी उभे राहिल्याबद्दल १९९५ साली त्यांना पळवून नेऊन ठार करण्यात आले. सेनानी आणि साकिक, दोघेही इव्हँजेलिकलच. तेव्हा पंथाच्या नावावरून माणसाची किंमत करणाऱ्यांनी आपला तराजू तपासून घ्यावा.

मराठी वाचकाने या परक्या भांडणात का पडावे, असे कोणी विचारील. त्याने आपलाच इतिहास आठवावा. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली महाराष्ट्रापासून दूर बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. कॅरीचे नाव प्रत्येक वाङ्मयेतिहासात ठळक असते. त्याला मराठी शिकविणारे वैजनाथ पंडित मात्र एखाद्या ओळीत उरकले जातात. शिकणारा गुरू ठरला आणि शिकविणारा साहाय्यक! महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आम्हां लोकांना तरी हा अन्याय बोचला पाहिजे. आपली भाषा कोणीतरी आपल्याला ‘दिली’, असे मानणे आम्हांला परवडणारे नाही, आणि ज्या माणसांना ते परवडत नाही त्यांनी दुसऱ्यांवरही ते लादू नये.

सरकारी कचेरीत ज्यांचा दिवस जातो त्यांना एक अनुभव नित्याचा असतो. फायलीवर सर्वांची टिपणे आणि शेरे असतात. ज्याच्याविषयी ती फाईल आहे त्याचे म्हणणे तेवढे नसते. धर्मांतराविषयीचे आपल्याकडील लेखन अशाच फायलींनी भरले आहे. आमची मागणी साधी आहे. यापुढे मिशनऱ्याचे स्तोत्र लिहा किंवा आरोपपत्र लिहा. पण लेखणी उचलण्यापूर्वी ज्याचा धर्म बदलला त्याला, आणि ज्याने बदलण्यास नकार दिला त्यालाही, प्रथम विचारा. त्यांची साक्ष ज्या लेखात नाही तो लेख कितीही आवेशाने लिहिलेला असो, तो मिशनऱ्यांविषयीही नसतो आणि मायांविषयीही नसतो. तो केवळ लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या मताविषयी असतो.