दुरुस्तीआधीची पाठचिकित्सा

दिवंगत लेखकाच्या घरचा ४८६ संगणक सुरू होत नाही, तेव्हा पहिला संशय मदरबोर्डवरील बॅटरीचा घ्यावा. ती संपली की यंत्र हार्ड डिस्कचे मोजमाप विसरते. डिस्क शाबूत असूनही ‘सापडत नाही’. निकेल-कॅडमियम बॅटरी गळली असल्यास तिच्यातील क्षारद्रव तांब्याच्या रेषा कुरतडतो. बॅटरी काढून, बोर्ड स्वच्छ करून सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे पुन्हा भरले की पुष्कळदा यंत्र जागे होते. मग डिस्क बदलण्याचा मोह होतो. साध्या अडॅप्टरने कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आयडीई जोडणीवर चालते. मात्र अनेक जुन्या बायॉसना ५०४ मेगाबाइटांपलीकडचे दिसत नाही.

हौशी माणसाला हा क्रम ठीक आहे. अभ्यासकाने तो उलटावा. आधी डिस्क काढून, तिच्यावर काहीही लिहिले जाणार नाही अशा बेताने सेक्टरवार प्रत घ्यावी, दुरुस्ती मागाहून. खोडलेला मसुदा बहुधा डिस्कवर शिल्लक असतो. यंत्र चालू झाले की त्यावर नवे लेखन चढू शकते. एमरी विद्यापीठाने २०१० मध्ये सलमान रश्दी यांचा मॅकिंटॉश एम्युलेटरद्वारे अभ्यासकांना खुला केला, तो मूळ यंत्राला धक्का न लावता.

मराठीत अडचण दुहेरी आहे. युनिकोडपूर्व फाइल मूळ फाँटवाचून निरर्थक चिन्हांची रांग ठरते. म्हणजे फाँटही संहितेचाच भाग होय. पोथ्यांच्या पाठभेदांवर वाद घालणारे आपण, हा संगणक भंगारात जाताना मात्र गप्प राहतो.