मे महिन्यातली पारख

झाडाची पारख करायची असेल तर मे महिन्यात, भर दुपारी करावी. परभणीहून जिंतूरला जाताना लागणारी बोरी त्यासाठी उत्तम. पारा चव्वेचाळीसला टेकलेला, एसटीचा पत्ता नाही आणि माणसं सावलीबरोबर पिशव्या ओढत सरकताहेत. विजेच्या खांबाची पट्टीभर सावलीसुद्धा कुणीतरी धरून उभं असतं.

अशा वेळी गुलमोहराखाली उभं राहून बघा. वर लालभडक थाट, पण पानं विरळ. ऊन चाळणीतून गाळल्यासारखं अंगावर पडतं. हा मूळचा मादागास्करचा पाहुणा झपाट्याने वाढतो, पण लाकूड ठिसूळ. वळवाचं वादळ आलं की फांद्या रस्त्यात. फोटोसाठी झाड झकास! शाळांसमोर, बँकांसमोर लावतात तो सरळसोट अशोक तर सावलीच्या बाबतीत विजेच्या खांबाचाच भाऊ.

आपल्या लिंबाचं तसं नाही. फाल्गुनाच्या सुमारास पानं झाडून मोकळा होतो, पाडव्याला तांबूस पालवी आणि वैशाखात गच्च. ऊन चढतं त्याच वेळी हा भरात येतो. करंजही तसाच, शिवाय त्याच्या पाल्याला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. लिंबाचा पाला मात्र त्यांना भारी आवडतो, म्हणून कोवळ्या रोपाला बोराटीचं कुंपण हवंच. वड-पिंपळ गावठाणाबाहेर, पारासाठी. भिंतीलगत लावले तर मुळ्या घरात येतात. बावीसशे वर्षांपूर्वी सम्राट अशोकाने माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्याकडेला वड लावल्याचं शिलास्तंभावर कोरून ठेवलं. जनावरांचाही विचार केला होता, हे विशेष.

आपण मात्र आकड्यांत रमतो. २०१६ साली राज्याचं लक्ष्य दोन कोटी झाडांचं होतं, २०१९ मध्ये ते तेहतीस कोटींवर गेलं. पावसाळ्यात खड्डा, रोप, हार, फोटो. खरी परीक्षा पुढच्या फेब्रुवारीपासून सुरू होते, तेव्हा टँकर माणसांनाच पुरत नाही. गुडघ्याएवढं रोप मग कुठून तगणार? माणसाच्या उंचीचं, नीट मुळ्या धरलेलं रोप महाग पडतं खरं, पण निदान शेळीच्या तोंडातून वाचतं.

आणि जी मोठी झाडं आहेत त्यांच्या बुंध्याशी आपण सिमेंटचे गट्टू घट्ट बसवतो. पाऊस पडला तरी मुळाला थेंब नाही. असं झाड पाच-सात वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागलं की म्हणायचं, कीड लागली असेल. बुंध्याभोवती हातभर तरी माती उघडी ठेवायला पैसा लागत नाही.

म्हणून गावोगावच्या ग्रामपंचायतींना एकच विनंती. या पावसाळ्यात शंभर रोपं नकोत. थांब्यावर चार लिंब लावा, आणि त्यांच्या दोन उन्हाळ्यांच्या पाण्याचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा.